दोन अकोल्यांत हरवलेले चुलत आजोबा

माझे वडील, त्यांना आम्ही सगळी नाना म्हणायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना वंशावळीचं वेड लागलं. निमित्त झालं नगरच्या सावेडीतल्या आमच्या शेजाऱ्यांचं. त्यांच्याकडे त्यांच्या कुळाचं छापील पुस्तक आलं होतं, विटेएवढं जाड, आणि मधे मधे पगड्या घातलेल्या पुरुषांचे फोटो. नानांनी ते दोन दिवस वाचायला आणलं, नीट पुसून परत दिलं आणि येताना दुकानातून दोनशे पानी वही घेऊन आले.

"आपल्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत," ते आईला म्हणाले. "आपल्याला शाळेतच घेत नव्हते, मग लिहिणार कोण? आता मी लिहितो."

आई म्हणाली, "लिहा. पण आधी गॅसचा नंबर लावून या."

पुढची दोन वर्षं नाना एसटीनं जिल्हाभर फिरले. राहुरी, देवळाली प्रवरा, संगमनेर, जिथे म्हणून आमचे पाहुणे होते तिथे जाऊन म्हाताऱ्या माणसांसमोर वही उघडून बसायचे. कुणी नावं सांगायचं, कुणी जुनी भांडणं सांगायचं. नाना भांडणं गाळून नावं लिहायचे, आणि घरी आल्यावर आम्हाला नावं गाळून भांडणं सांगायचे.

वहीत सगळी नावं निळ्या शाईत होती. एकाच नावापुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह होतं. ते नाव नानांच्या थोरल्या चुलत्यांचं, म्हणजे माझ्या चुलत आजोबांचं.

आमचं मूळ गाव अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढे, डोंगरात. पणजोबांना तीन लेकरं. थोरला हा चुलता, मधले माझे आजोबा आणि सगळ्यांत धाकटी एक बहीण. पहिल्या महायुद्धात लष्कराची भरती निघाली तेव्हा थोरला सोळा-सतरा वर्षांचा होता. बापाशी त्याचं पटत नव्हतं. गावकीचं काम, कुणाचं मेलेलं ढोर ओढ, कुणाचा सांगावा घेऊन उन्हात दुसऱ्या गावाला पळ, हे मी करणार नाही, असं तो तोंडावर बोलला. एका सकाळी उठला, डोंगर ओलांडून चालत घोटीला गेला आणि आगगाडीत बसला.

काही महिन्यांनी त्याचं पत्र आलं. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. गावातल्या एका कारकुनाच्या पायरीवर ते पत्र ठेवायचं, त्यानं उचलून वाचायचं आणि यांनी खाली अंगणात उभं राहून ऐकायचं. पत्रात एवढंच होतं की खुशाल आहे, बसऱ्याला आहे, खेचरं सांभाळतो. त्यानंतर काहीच आलं नाही. लढाईत गेला असणार, असं घरानं धरून टाकलं.

मी तेव्हा सावेडीतच एका क्लासमध्ये शिकवायची. तो मूळचा टायपिंगचा क्लास. नव्वदच्या दशकाच्या शेवटी क्लासच्या सरांनी अर्धी टाइपरायटरं काढली, त्या जागी सहा कॉम्प्युटर ठेवले आणि दारावरची पाटी बदलली. अठ्ठ्याण्णव साली इंटरनेट आलं. ते फक्त सरांच्या केबिनमध्ये होतं, कारण टेलिफोन तिथे होता. जोडणी लागताना मोडेमचा डबा आधी शिट्टी मारायचा, मग घसा खाकरायचा, मग बराच वेळ काहीच बोलायचा नाही. शनिवारी शेवटची बॅच सुटली की सर मला अर्धा तास बसू द्यायचे.

नाना म्हणाले, "तुझ्या त्या यंत्रात बसऱ्याचं काही कळतं का बघ."

मी हसले. पण शनिवारी बसले तेव्हा खरंच शोधलं. बसऱ्याची लढाई निघाली, बसऱ्याचे खजूर निघाले. चार-पाच शनिवार असेच गेले. मग एकदा एक असा फलक सापडला जिथे जगभरातली माणसं आपले हरवलेले पूर्वज शोधत होती. कुणीही आपला मजकूर तिथे लावायचा आणि कुणी उत्तर देतंय का, वाट बघायची. हिंदी फौजेतल्या सैनिकांसाठी त्यात वेगळा भाग होता. मी तो खालून वर वाचत गेले आणि एका मजकुरापाशी थांबले.

इंग्लंडमधल्या लेस्टर गावच्या एका बाईनं लिहिलं होतं, 'माझे आजोबा पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेत खेचरं हाकायला होते. आधी बसरा, मग पूर्व आफ्रिका. युद्धानंतर ते मोंबासाला रेल्वेत लागले आणि तिथेच राहिले. त्यांच्या लष्करी कागदावर गावाचं नाव आणि पुढे तालुका अकोला असं आहे, जिल्ह्याचा कोपरा फाटला आहे. ते सांगायचे की त्यांच्या गावातून जगातला सर्वांत उंच डोंगर दिसतो. डोंगराचं नाव कल्सू. मला कोणत्याही नकाशात सापडत नाही. कुणाला माहीत आहे का?'

खाली विदर्भातल्या अकोल्याच्या एका सद्गृहस्थांनी उत्तर दिलं होतं. त्यांनी फार कष्ट घेऊन सगळ्या तहसिलींत चौकशी केली होती. असं गाव आमच्या जिल्ह्यात नाही, असा डोंगर तर नाहीच, तुमच्या आजोबांचा काही गोंधळ झाला असावा, असं त्यांनी अदबीनं कळवलं होतं.

गोंधळ आजोबांचा नव्हता. 'अकोल्याला जातो' असं कुणी म्हटलं तर ते अकोले की अकोला, हे नुसतं ऐकून मराठी माणसालाही सांगता येत नाही. आमच्या गावची पत्रं वऱ्हाड फिरून महिन्यानं आल्याचं मी लहानपणापासून बघत होते. नाना पाकिटावर 'जिल्हा अहमदनगर' लिहून खाली दोन रेघा मारायचे. आणि कळसूबाईचा डोंगर म्हणजे तर आमच्या गावाच्या उशाशी. मी त्या बाईनं लिहिलेलं गावाचं नाव मोठ्यानं वाचलं. इंग्रजीत त्याची पार मोडतोड झाली होती, पण कानाला ओळखू आलं. ते आमचंच गाव होतं.

नाना दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा आणि कोट घालून क्लासमध्ये आले. सरांच्या खुर्चीशेजारी बसून त्यांनी उत्तर सांगायला सुरुवात केली. "सप्रेम नमस्कार विनंती विशेष." मी म्हटलं, नाना, हे इंग्रजीत कसं लिहू? ते म्हणाले, "तो तुझा प्रश्न आहे." पत्र दीड पान झालं. त्यात पाऊसपाणी, भाताचं पीक आणि तालुक्याची चतुःसीमा होती. मी निम्मं गाळलं आणि बटण दाबलं.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. बाईंना भयंकर आनंद झाला होता. कागदावरची सगळी माहिती त्यांनी उतरवून पाठवली होती. मी छापून घरी आणली. नानांनी वाचली आणि कागद खाली ठेवला.

"हे आपले नव्हेत," ते म्हणाले.

"का?"

"बापाचं नाव बघ. माझ्या आजोबांचं नाव हे नाही."

आणि खरंच नव्हतं. स्वतःचं नाव जुळत होतं, गाव जुळत होतं, बापाचं नाव मात्र भलतंच. नाना त्या दिवशी नीट जेवले नाहीत. आई म्हणाली, "अहो, तुमची आत्या अजून जिवंत आहे. यंत्राला काय विचारता? तिला जाऊन विचारा."

तिन्ही भावंडांतली ती धाकटी बहीण, नानांची आत्या आणि आमची आत्याआजी, तेव्हा ऐंशीच्या बरीच पुढे होती. आम्ही एसटीनं अकोल्याला, तिथून जीपनं राजूरच्या पुढे आणि मग पायी तिच्या सासरच्या गावाला गेलो. ती ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसायचं, पण कान शाबूत होते.

"आत्या," नाना बसता बसता म्हणाले, "तुझ्या बापाचं नाव काय?"

"आता इचारतोस व्हय? आरं, तू मास्तर ना?"

नानांनी सगळी हकिकत सांगितली. कागदावरचं नाव वाचून दाखवलं. ते ऐकताच ती सूप बाजूला ठेवून मोठ्यानं हसली. तोंडात दोनच दात होते.

"ते माज्या मामाचं नाव! भरतीत बापाचं नाव सांगितलं आसतं तर बा हुडकत गेला आसता आन कान धरून आनला आसता. म्हनून त्यानं मामाला इचारून सायबाला त्याचं नाव सांगितलं. मामा पुढं गावभर मिरवायचा, माज्या नावानं भाचा लढाईला गेला म्हनून. आई त्याच्याशी वरीसभर बोलली न्हाई."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "जित्ता हाय का?"

"नाही, आत्या. तिकडंच गेले. लई वर्षं झाली. पण लढाईत नाही गेले. म्हातारे होऊन गेले. लेकरं झाली, नातवंडं झाली."

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. तांदळावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मंग ब्येस झालं," आणि पदरानं डोळे पुसले.

निघताना तिनंच मला हाक मारली. "ये पोरी, आजून खात्री करायची आसंल तर तिला खेकड्याचं इचार."

थोरला भाऊ तिला खांद्यावर बसवून ओढ्यावर खेकडे धरायला न्यायचा. खेकडा मिळाला की त्याच्या डेंग्यासारख्या, म्हणजे नांगीसारख्या चिमटीत तिचं नाक धरून म्हणायचा,

"खेकड्या खेकड्या डेंगा दाव,
न्हाई तर सोड आमचा गाव,
गाव सोडून जाशील कुटं,
आमच्या कालवनाच्या वाटं!"

मी घरी आल्यावर हे सगळं लिहून पाठवायला निघाले, तर नानांनी अडवलं. "गाणं आपण सांगायचं नाही. पेपर फुटेल. नुसतं विचार, नाक धरून म्हणायचं काही माहीत आहे का." अडतीस वर्षं परीक्षा घेतलेला माणूस तो.

मी तसंच विचारलं. उत्तर चारच दिवसांत आलं. तिनं लिहिलं होतं, 'नाक धरून? केक्रिया केक्रिया डेंगा डाव! वडील आम्हाला रोज म्हणायचे, त्यांना त्यांचे वडील म्हणायचे. आमच्या वडिलांना वाटायचं की हे स्वाहिली आहे. मोंबासातले स्वाहिली शेजारी म्हणायचे, हे तुमचं हिंदुस्थानी. गुजराती दुकानदार म्हणायचे, आमचं नाही बुवा. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. सांगाल का?'

मी सरांच्या केबिनमध्ये एकटीच इतकी हसले की सर धावत आले. त्यांना वाटलं, कॉम्प्युटर जळाला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्यांना पडद्यावरची ओळ दाखवली. त्यांना काहीच कळलं नाही, पण त्यांनी मला चहा मागवला.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात ती आली. पंचेचाळीस वर्षांची, उंच, सावळी, दाट कुरळ्या केसांची. लेस्टरमध्ये ती शहराची बस चालवायची. आईचा यावर विश्वासच बसेना. बाई बस चालवते, हे तिनं गल्लीत चार घरी सांगितलं आणि चारही घरच्या बायका बघायला आल्या. ती आईशी शेजारणींकडून शिकलेल्या गुजरातीत बोलायची, आई तिच्याशी मराठीत. दोघींचं उत्तम चालायचं. नानांना ती 'अंकल' म्हणाली, तर आईनं तिला 'काका' म्हणायला शिकवलं. तिच्या तोंडी ते 'काकाऽऽ' असं लांबायचं. नानांना ते फार आवडायचं. ऐकू आलं नाही असं दाखवून ते दोनदा हाक मारायला लावायचे.

अकोल्याला जाताना आम्ही जीप ठरवणार होतो. पण तिला एसटीच हवी होती. ती चालकाच्या मागच्या बाकावर बसली आणि संगमनेरपर्यंत त्याच्या हातांकडे बघत राहिली. गिअर पडताना कडाडकन आवाज झाला की हिचा डावा पाय खाली दाबला जायचा. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा मी चालकाला सांगितलं की या बाई विलायतेत बस चालवतात. त्यानं हिला वरून खालपर्यंत बघितलं, खाली उतरला आणि दार उघडं धरून म्हणाला, "बसा मॅडम." ती चढून बसली, चाक धरलं, आरशात बघितलं आणि भोंगा वाजवला. स्टँडवरची सगळी माणसं टाळ्या वाजवत होती. वाहक तेवढा घाबरला होता.

आत्याआजीच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. ही पुढे गेली आणि वाकली. आत्याआजीनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. मग हात केसांत गेले आणि थांबले.

"केस कुनाचे गं हे?"

मी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, आजीचे. आजी मोंबासाची, तिथल्याच मुलखातली. मी मराठीत सांगितलं.

गर्दीत कुजबुज झाली. एक पोक्त गृहस्थ नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, म्हंजे बाई आपल्यातली न्हवती म्हना की." आत्याआजीला ऐकू गेलंच.

"न्हवती तर न्हवती," ती म्हणाली. "माज्या भावाला परमुलकात भाकर करून घातली तिनं. आपल्यातल्या कितीजनांनी घातली आसती?" आणि त्या केसांवरून परत हात फिरवत म्हणाली, "लई दाट हायेत. जुंधळ्याच्या कनसावानी."

जेवणं झाल्यावर लेस्टरच्या पाहुणीनं पिशवीतून एक पाकीट काढलं. आत चार जुनी पत्रं होती. आजोबांनी मोंबासातल्या एका पत्रलेखकाकडून इंग्रजीत लिहून घेतलेली. पत्त्यावर गावाच्या नावापुढे नुसतं 'अकोला' होतं. कुणीतरी लाल पेन्सिलनं पुढे 'वऱ्हाड' असं लिहिलं होतं, आणि असं गाव नाही असा शेरा पडून चारही पत्रं मोंबासाला परत गेली होती. आजोबांनी ती जपून ठेवली होती.

नाना ओट्यावर बसून ती वाचू लागले. एक वाक्य इंग्रजीत मनाशी वाचायचं, मग मराठीत मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या पत्रात आईवडिलांची खुशाली विचारली होती. दुसऱ्यात लिहिलं होतं, 'बहिणीच्या लग्नाचं बघत असाल. नदीपलीकडचं स्थळ पाहू नका. पावसात तिला माहेरी येता येणार नाही.'

आत्याआजीनं कपाळावर हात मारला.

"आन मला नदीपल्याडच दिलं की! चार-चार म्हैने माहेर तुटायचं. नदी फुगली की मी हिकडून बगायची, आई तिकडून बगायची. आरं, येवढं सांगत हुता त्यो, आन ह्या टपालवाल्यांनी..." ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि मग पुन्हा हसली. कुरळ्या केसांची नात तिला धरून बसली होती. तिला शब्द कळत नव्हते, पण तीही दोन्ही करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं निवळल्यावर मी तिला कळसूबाईचा डोंगर दाखवला. तिनं बराच वेळ बघितला. म्हणाली, "हा जगातला सर्वांत उंच?" मी म्हटलं, "महाराष्ट्रातला." ती म्हणाली, "चालेल. आजोबांनी दुसरं जग कुठे बघितलं होतं तेव्हा?" मग गावातल्या पोरींबरोबर ती लोखंडी शिड्या चढून थेट माथ्यावर जाऊन आली आणि दोन दिवस तिला मांडी घालून बसता येईना.

ती परत गेल्यावर नानांनी कॉम्प्युटर शिकायला घेतला. माझ्याच क्लासमध्ये, पहिल्या बाकावर, बारावीच्या पोरींच्या शेजारी. एका बोटानं टाइप करायचे. एक ओळ लिहायला त्यांना पाऊण तास लागायचा आणि त्यात एकही चूक नसायची. लेस्टरला आठवड्याला एक पत्र जायला लागलं.

तिचा एक भाऊ कॅनडात होता. तो मोठा संशयी माणूस. बहिणीला कुणीतरी बनवतंय, असं त्याचं मत. फोटो पाठवले तरी त्याला पटेना. तेव्हा नानांनी त्याला स्वतंत्र पत्र लिहिलं. चार दिवस लागले. त्यात काय होतं, ते त्यांनी मला वाचू दिलं नाही. दोन हजार साल संपायच्या आदल्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं, दोनच ओळींचं. उन्हाळ्यात रजा मिळतेय. म्हातारीला विचारा, मी आलो तर तिच्याकडे राहायची सोय होईल का.

नानांनी राजूरला जाणाऱ्या एका जीपवाल्याकडे निरोप दिला. तिसऱ्या दिवशी त्याच जीपवाल्याकडून उत्तर आलं. त्यानं ते क्लासच्या दारात उभं राहून, आत्याआजीच्याच आवाजात सांगितलं.

"म्हनावं, सोय कसली इचारतोस? घर तुजंच हाय. पर एकटा यिऊ नको, बायकापोरं घिऊन ये."